बाहेरच्या बायकांचं काम

"माझं लेकरू आत हाय! दार उघडा! अवो, दार उघडा!"

मी दोन्ही हातानं लोखंडी दार बडवायले होते आन् माझ्या मागं नरसम्मा पोट धरून हसायली होती.

"अय्यो, हिचं बघ की," ती शबानाभाभीला म्हनली. "खरं पानी काढलं डोळ्यातनं. सिनेमात जा गं तू, हितं कशाला भाकऱ्या थापतीस?"

मी वळले. मला सांगायचं होतं की हे खोटं न्हाई, भाग्या खरंच आत हाय, माझी भाग्या, अडीच वर्साची, खाली कोठारात झोपलीय. पन माझ्या तोंडातनं परत तेच निघालं. "माझं लेकरू आत हाय." आन् तेच वाक्य आमाला सकाळी शिकवलं होतं. तसंच्या तसं. आजचं काम तेच होतं, दारावर येऊन असं वरडायचं. त्यामुळं मी जितकं खरं वरडायले, तितकं ते कामच दिसायलं.

कसलं काम ते आधी सांगते, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई. मी हे मोबाईलमधी बोलून लिवायलेय. आठवीपातुर शाळा झाली माझी, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

मी रेणुका. मालक माझे एमआयडीसीत पॉवरलूमवर हायेत, टॉवेलच्या कारखान्यात. मी कडक भाकरी करते. सोलापुरात कुनाला सांगावं लागत न्हाई, पन बाहेरच्यांसाठी सांगते. ज्वारीचं पीठ मळून लई पातळ भाकरी थापायची. तव्यावर भाजताना कापडाच्या बोळ्यानं दाबत ऱ्हायचं, फुगू द्यायची न्हाई. फुगली की आत वल ऱ्हाती, वल ऱ्हायली की बुरशी. मग मंद आचंवर वाळवायची, पापडासारखी कडकडीत होईपातुर. मग ती महिनोन्‌महिने टिकती. शेंगाची चटनी, दही, झालं जेवन.

ही टिकती म्हनूनच साहेबांनी आमा तिघींना बोलवलं, मी, नरसम्मा आन् शबानाभाभी.

साहेब मूळचे सोलापूरचेच. वडलांचा चादरीचा कारखाना होता. हे अमेरिकेला गेले, कॉम्प्युटरची कंपनी काढली, ती विकली, आन् परत आले ते अक्कलकोट रोडला लांब आत शेत घेऊन त्यात जमिनीखाली घर बांधायला. वरनं बघितलं तर एक पत्र्याचं शेड, एक चौकीदाराची खोली, बाकी ज्वारी. पन शेडच्या मागं उतार हाय, उताराला एक लोखंडी दार हाय, आन् दाराच्या आत खाली सगळं. झोपायच्या खोल्या, दवाखान्याची खोली, पान्याच्या टाक्या, कोठार. आमी त्याला खालचं घर म्हनायचो.

पहिल्या दिवशी साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मला इचारलं, "ही किती टिकते?"

"सहा म्हैने कुटं जात न्हाई साहेब. वल लागू दिली न्हाई तर."

"वर्षभर टिकेल?"

"वर्सभर कशाला ठेवायची? सपली की परत करू की."

"तेव्हा करायला कोणी नसेल," साहेब म्हनले.

असं म्हनले, जसं आपुन म्हनतो उद्या नळाला पानी न्हाई. रागानं न्हाई, घाबरून न्हाई. आन् उरलेली भाकरी रुमालात बांधून खिशात ठेवली.

हळूहळू कळायलं. साहेबांचं म्हननं असं की जग आता थोडं दिवस. मान्सापेक्षा हुशार मशीन तयार व्हायलंय, कॉम्प्युटरचं, ते एकदा सुटलं की कुनाच्या हातात ऱ्हानार न्हाई. न्हाईतर युद्ध. न्हाईतर रोग. काय बी असो, गर्दी रस्त्यावर येईल, गर्दी सगळं खाईल, आन् मग जे थोडे लोक हुशारीनं लपलेत ते वर येऊन परत नवी दुनिया सुरू करतील. हे ते चहा पीत पीत सांगायचे.

मी एकदा इचारलं, "साहेब, ते मशीन बनवतंय कोन?"

"आम्हीच. आमच्यासारखे लोक."

"मग बनवू नका की."

साहेब हसले. लहान लेकराला हसतात तसं. "मी नाही बनवलं तर दुसरा कोणीतरी बनवेल, रेणुका."

नरसम्मा नंतर म्हनली, "आमच्या गल्लीत दारू गाळनारा हेच म्हनतो."

दुसरे भाऊ. भाऊ एका संघटनेचे पुढारी, जुळे सोलापूर भागात ऑफिस, मागं सारखी चार-पाच पोरं मोटारसायकलवर. भाऊंना मशीनचं काय पडलं न्हवतं. त्यांची भीती वेगळी. ते म्हनायचे, शेवटची लढाई येनार हाय. ते येनार. ते वाढायलेत. ते वाट बघायलेत. आपुन तयार ऱ्हायलो न्हाई तर आपलं नाव पुसलं जानार. ते म्हनजे कोन, हे भाऊंनी आमच्या शेडमधी कधी नाव घेऊन सांगितलं न्हाई. पन 'ते' म्हनताना त्यांची नजर शबानाभाभीकडं जायची, आन् शबानाभाभी मान खाली घालून भाकरी थापत ऱ्हायची, थोडी जोरात.

आमच्या गल्लीत भाऊंची सभा झाली तवा नरसम्मानं उठून इचारलं होतं, "भाऊ, नळाला रोज पानी कवा येनार?" भाऊ म्हनले, "मावशी, पाण्याचं काय घेऊन बसलात? इथं अस्तित्वाचा प्रश्न आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नरसम्मा खाली बसली. घरी तिचे हंडे रिकामेच होते, पन टाळ्या तिनं बी वाजवल्या, मला तिनंच सांगितलं.

साहेब अमेरिकेचे, भाऊ गल्लीतले, यांचं कसं जमलं ते मला आधी कळंना. मग कळलं. साहेबांकडं भिंती हायेत, भाऊंकडं मानसं. दोघांना बी एकच गोष्ट पाहिजे, की सगळं बुडावं आन् आपुन बरोबर ठरावं.

आता त्या दिवसाचं सांगते. गुरुवार होता. सासू स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला गेली होती, मग भाग्याला ठेवू कुटं? कडेवर घेऊन कामावर आले. शेडमधी चार चुली, वर पत्रा, बाहेर सोलापूरचं ऊन. पोरगी लालबुंद झाली. कोठार खाली, तितं बारा म्हैने थंड. ज्वारीच्या पोत्यावर माझी जुनी साडी टाकून तिला झोपवलं. याआधी बी दोनदा झोपवली होती. कोठाराच्या दाराला बाहेरनं साधी कडी हाय, उंदीर शिरू न्हाई म्हनून लावायची. मी लावली. पोरगी उठून जिन्याकडं गेली तर पडंल, हा बी इचार होता.

सकाळीच भाऊंनी आमा तिघींना समोर उभं केलं होतं. "आज ड्रिल आहे. ड्रिल म्हणजे सराव. आम्ही सगळे आत, तुम्ही बाहेरची गर्दी. दार बंद झालं की दारावर यायचं, बडवायचं, रडायचं. म्हणायचं, माझं लेकरू आत आहे. म्हणायचं, पाणी द्या. मनाला येईल ते म्हणायचं."

शबानाभाभी म्हनली, "कायकू भाऊ? झूट कायकू बोलना?"

"कारण खरी वेळ येईल तेव्हा ते बायका-पोरांनाच पुढं करतील. आपल्या लोकांना सवय पाहिजे. रडणं ऐकून दार उघडलं की संपलं."

साहेब बाजूला उभे होते. ते हळू म्हनले, "उघडताच येणार नाही. एकदा लागलं की टायमर संपेपर्यंत ते दार आतून नाही, बाहेरून नाही. ऐनवेळी माणसाचं मन विरघळतं. म्हणून मी ते माणसाच्या हातात ठेवलंच नाही."

आमाला वाटलं जेवन झाल्यावर होईल, आधी सांगतील, मग आमी जागेवर जाऊ. मी कोठारातनं वर आले, भाकऱ्यांची दुसरी चळत न्यायला. शेडमधी पाय ठेवला आन् भोंगा वाजला. नंतर साहेबांनी सांगितलं, मुद्दाम न सांगता केलं, खरा प्रसंग काय सांगून येतो का. मी चळत तशीच टाकली. सगळा चुरा झाला असंल. मी उताराला पोचले तवा दार लागायलं होतं. लई हळू लागतं ते. आवाज न करता. एवढीशी फट दिसत होती, फटीतनं भाऊंचा एक पोरगा दिसला, मी त्याला म्हनले, "थांब रे, माझी पोरगी..." आन् तो माझ्याकडं बघून हसला. अंगठा वर केला, असा. लई भारी, म्हनून.

मग मी बडवायले. ते तुमाला सांगितलं.

शबानाभाभीला आधी कळलं. तिनं माझे हात धरले. हात फुटले होते. तिनं हाताकडं बघितलं, मग माझ्या रिकाम्या कडेकडं बघितलं, मग शेडकडं बघितलं. "भाग्या कहां हय गे?" ती म्हनली. मी बोट खाली केलं. "या अल्ला," म्हनली आन् सरळ दारावर गेली. "साब! ड्रिल बंद करो! सच्ची का बच्चा अंदर हय!"

नरसम्माचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. मग ती बी बडवायली.

आमी तिघी वरडायलो. जीव तोडून. आन् दारावर एक स्पीकर हाय, त्यातनं बाईचा आवाज आला. खरी बाई न्हवं, मशीनचा. लई गोड, पुस्तकातलं मराठी. "कृपया मागे व्हा. हे दार उघडणार नाही. बाहेर तीन महिला आहेत. धोका कमी."

शबानाभाभीनं धोंडा उचलून दारावर घातला.

"धोका वाढला आहे," तो आवाज म्हनला. तितकाच गोड.

चौकीदार मल्लप्पा पळत आला. मल्लप्पा कर्नाटकातला, घाबरला की कन्नड बोलतो. "अय्यो शिवा, एन् माडली नानू," म्हनायला. मी काय करू म्हनून. किल्ली न्हाईच, दाराला किल्लीच न्हाई. साहेबांचा मोबाईल लावला तर खाली रेंज न्हाई. शेवटी दार बसवनाऱ्या कंपनीचा नंबर त्याच्याकडं होता, तो लावला. तिकडनं एक पोरगा हिंदीत बोलायला. मल्लप्पानं फोन माझ्या हातात दिला.

"बाहर से खोलने का तरीका बताओ भैया, मेरी बच्ची..."

"मॅडम, बाहर से खुल गया तो फिर वो दरवाजा क्या काम का?"

"अरे बच्ची है अंदर!"

"अंदर है तो सेफ है ना मॅडम. बाहर वालों को दिक्कत है." मग म्हनला, "हवा की पाइप चालू है. टाइमर शाम को खतम होगा. मैं कुछ नहीं कर सकता, सच में."

खरंच करू शकत न्हवता तो. त्याचा आवाज बी घाबरला होता. कुनाच्याच हातात काय न्हवतं. ज्यांनी केलं त्यांच्या बी न्हाई.

हवेच्या पायपाचं नाव काढल्यावर मी पळाले. ज्वारीत चार-पाच पायपा वर आलेल्या हायेत, छत्रीसारखी टोपी असलेल्या. मी एकेकीला कान लावत गेले. एकीत नुसता पंख्याचा आवाज. एकीत काय न्हाई. ज्वारी माझ्या डोक्यावरनं, काय दिसंना, वाऱ्यानं पानं खसखस वाजायलेली, आन् मला सगळीकडनं भाग्याचाच आवाज येतोय असं वाटायलं. एका पायपीला कान लावला आन् खरंच आला.

रडायली होती. लांबून, विहिरीतनं यावा तसा. "आई. आई ये. आई काळं हाय."

दिवा तितं आपोआप बंद होतो, मानूस हललं न्हाई की. ती झोपली होती म्हनून बंद झाला असंल, मग उठल्यावर घाबरून हलायचीच न्हाई.

"भाग्या! मी हितं हाय बाळा! हात हलव, हात हलव, दिवा लागतो!"

"आई कुटं?"

"वर हाय. वर."

आता सांगा, अडीच वर्साच्या लेकराला पायप कशी समजवायची? ती अजून जोरात रडायली. तिला माझा आवाज यायलाय पन मी दिसंना, त्यामुळं ती जास्तच घाबरायली. शबानाभाभी म्हनली, "बोलत ऱ्हा, थांबू नक्को." मी बोलत ऱ्हायले. चिमणीचं सांगितलं, आज्जी अक्कलकोटनं पेढा आननार हाय ते सांगितलं, भाकरी मोड, कुडूमकुडूम खा, म्हनलं. मधनंच खालनं कुडुम असा आवाज आला बी. मग परत रडनं. मग नुसतं मुसमुसनं. मग काय न्हाई.

ती गप झाली ते मला रडन्यापेक्षा जड गेलं. मी हाका मारायले, वर नुसता वारा. नरसम्मा माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती, तेलुगूत काय तरी पुटपुटायली होती, देवाचं असंल. आमी तिघी त्या पायपीभोवती बसून ऱ्हायलो, जसं काय कुनाला पुरून बसलोय.

ऊन कललं, तवा दार उघडलं. बंद झालं तसंच, आवाज न करता.

आतनं सगळे हसत बाहेर आले. टाळ्या वाजवायला लागले. भाऊंची पोरं, साहेब, साहेबांच्या मॅडम, भाऊ. साहेब म्हनले, "उत्कृष्ट. खरंच काटा आला अंगावर." भाऊ माझ्याकडं बोट करून मल्लप्पाला म्हनले, "ह्या ताईला जास्तीचं काहीतरी द्या रे."

मी त्यांच्या मधनं घुसले. कुनाला तरी ढकललं बी. जिना, गल्ली, गल्लीत त्यांच्या बसायच्या खुर्च्या, चहाचे कप, आन् खुर्च्यांच्या पाठीमागं, हात लांब केला तर पोचंल एवढ्यावर, कोठाराचं दार. त्याची साधी कडी. काढली.

भाग्या पोत्यांच्या सांदीत झोपली होती. तोंडाला शेंबूड आन् भाकरीचा चुरा. उचलली तर गरम लागली, श्वास लागला, मी पदरानं तिचं तोंड पुसलं आन् तिला कडेवर घेतली.

वर आले तवा सगळे उभे होते तसेच. माझ्या कडेवर लेकरू बघून टाळ्या थांबल्या होत्या. साहेबांचं तोंड पांढरं पडलं. "ही... ही आत होती?"

मॅडम म्हनल्या, अगदी हळू, "मी म्हटलं होतं. आवाज मागून येतोय, म्हटलं होतं."

तवा मला सगळं कळलं. बाहेरचा आवाज आत ऐकू जायला स्पीकर हायेत. ते खुर्च्यांवर बसून आमचं रडनं ऐकत होते. त्यात लेकराचं रडनं बी ऐकू आलं, पाठीमागच्या दारातनं, पातळ दार, साधी कडी. मॅडमनीच नंतर सांगितलं, त्या उठायल्या तर भाऊ म्हनले, "वहिनी, बसा. आवाज आतून येतोय असंच तुम्हाला वाटावं, हीच तर त्यांची चाल असते." आन् त्या बसल्या. सगळे बसले. चांगली शिकलेली मानसं. साहेबांची ती सगळी मशीनं आमा तिघींना मोजत होती, पाठीमागं उठून कडी काढायचं तेवढं कुनाला सुचलं न्हाई. सुचलं असंल, पन आज कडी काढली तर खऱ्या दिवशी बी काढू, असं भ्या वाटलं असंल.

मग भाऊ बोलले. "एका अर्थानं बरंच झालं," ते म्हनले. "खरं लेकरू होतं, तरी आपण डगमगलो नाही. आपण पास झालो."

शबानाभाभी त्यांच्यासमोर जाऊन उभी ऱ्हायली. पहिल्यांदाच मान वर करून. "भाऊ," म्हनली, "तुम पास हुवे तो फेल कौन हुवा? वो बच्ची?"

भाऊ मोटारसायकलवर बसून गेले. साहेबांनी आपल्या गाडीनं मला आन् भाग्याला डॉक्टरकडं नेलं. पोरगी ठीक होती. साहेब गाडीत सारखं आरशातनं तिच्याकडं बघायले.

मालक रात्री पेटले, मी जातो तितं म्हनले, दंगा करतो. पन सकाळी ते लूमवर गेले आन् मी परत भाकरीला गेले, कारन काम तेच हाय. धडा इचाराल तर लेकरू कामावर न्यायचं तर नजरंसमोर ठेवायचं. आन् जे दार हातानं उघडत न्हाई, त्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. पहिला धडा मी पाळते.

दुसऱ्याचं असं झालं. थोड्या दिवसांनी साहेबांनी मला एकटीला बोलवलं, भाग्या कडेवर होती. दारापाशी. त्यांचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. म्हनले, "रेणुका, मी त्या दिवसापासून विचार करतोय. पुन्हा तू त्या दाराच्या बाहेर राहायला नको. तुझ्या बोटाचा ठसा आणि बाळाचा चेहरा ह्या दाराच्या मशीनमध्ये घालून ठेवतो. वेळ आली की, दार लागायच्या आधी, तू आणि ती, दोघी थेट आत."

"आन् मालक?"

"बघू. जागा मोजकी आहे."

"शबानाभाभी? नरसम्मा?"

साहेबांनी मान हलवली. व्हय बी न्हवं, न्हाई बी न्हवं. "ते भाऊंना चालणार नाही," म्हनले. मग म्हनले, "तू भाकरी करतेस. म्हणून तुझं सांगता येतं."

मला खरं तर हसू यायला पाहिजे होतं. जग कुटं बुडायलंय? समोर ज्वारी उभी, मल्लप्पा दात घासायला, लांब एमआयडीसीच्या चिमण्या. पन साहेब ज्या शांतपनानं बोलायले... आन् माझ्या कानात ती पायप. आई काळं हाय. मी म्हनले, समजा. नुसतं समजा, ही मानसं खरं बोलायलीत. मग मी परत बाहेर, की माझी भाग्या आत?

दाराशेजारच्या मशीनच्या काचंवर मी बोट ठेवलं. काच गार होती. भाग्याला उचलून कॅमेऱ्यापुढं धरलं, ती हसली. "स्वागत आहे, रेणुका," ती मशीनची बाई म्हनली.

शेडमधी आले तर शबानाभाभी भाग्याला भाकरी चहात बुडवून भरवायला बसली. "क्या बोले गे साब?"

"काय न्हाई. जास्ती भाकरी लागंल म्हनले."

आता मालकांच्या मोबाईलवर भाऊंचे व्हिडिओ रोज येतात. वेळ जवळ आलीय, ते निघालेत. मालक आधी शिव्या द्यायचे, आता पूर्न ऐकतात. मी बी ऐकते. आन् ऐकता ऐकता माझ्या ध्यानात यायलं की माझी भीती बदललीय. आधी वाटायचं असं काय होऊ नये. आता वाटतं, झालंच तर भोंगा वाजताना मी दाराजवळ असावं. शबानाभाभी समोर थापत बसलेली असती, तिचे हात बघते, त्या दिवशी धोंडा उचललेले, आन् मनात येतं, ही दार बडवायला लागली तर मी खुर्चीवर बसून काय करीन? मग स्वतःलाच सांगते, करायचं काय, ते दार कुनालाच उघडता येत न्हाई. आन् हे सांगितल्यावर मला बरं वाटतं. बरं वाटतं, हे बघून मला लई भ्या वाटतं.

तिला अजून सांगितलं न्हाई. मालकांना बी न्हाई. तुमी म्हनाल बाई वाईट हाय. म्हना. पन कडेवर तुमचं लेकरू असतं, समोर ती काच असती, आन् कानात तो आवाज अजून गेलेला नसता, तर तुमी काय केलं असतं?